१८९२ची सरहद्द : गोमंतकाचा जकात-संघ, त्याचा शेवट आणि साहित्यातील साक्ष

बेंगळुरूहून वास्कोकडे जाणारी गाडी हुबळी, धारवाड, लोंढा ही स्थानके मागे टाकून कॅसलरॉकला येते आणि तेथून ब्रागांझा घाट उतरू लागते. दूधसागरच्या धबधब्यापुढून ती पायथ्याच्या कुळे स्थानकात पोहोचते. ह्या दोन स्थानकांमधून आज कर्नाटक आणि गोवा ह्या दोन राज्यांची सीमा जाते. प्रवाशाला तिची जाणीवही होत नाही. १९६१ पर्यंत मात्र ती दोन सत्तांची सरहद्द होती आणि दोन्ही अंगांना जकातीची चौकी होती. ह्या सरहद्दीच्या इतिहासात बारा वर्षांचा एक खंड असा आहे की, ज्यात सरहद्द होती पण जकात नव्हती. १८८० ते १८९२ हा तो काळ. त्या बारा वर्षांत पोर्तुगीज हिंदुस्थान आणि ब्रिटिश हिंदुस्थान हे दोन प्रदेश एकाच जकात-संघात होते.

प्रस्तुत लेखाचा विषय हा संघ आणि विशेषतः त्याचा शेवट हा आहे. एखादा मोठा शेजारी व्यापारी संघातून बाहेर पडतो तेव्हा लहान अर्थव्यवस्थेचे काय होते, हा प्रश्न ब्रिटनने ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघ सोडल्यानंतर आयर्लंडच्या संदर्भात पुष्कळ चर्चिला गेला. मराठी भाषकांच्या इतिहासात ह्याच प्रश्नाचे एक जुने उदाहरण आहे आणि ते आपल्या वाङ्मयेतिहासात जवळजवळ अनुल्लेखित राहिले आहे. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अभ्यासक नाही. परंतु बेंगळुरूतील अभ्यागत अध्यापनाच्या काळात तौलनिक साहित्याच्या वर्गात निघालेल्या एका प्रश्नाने त्याला ह्या विषयाकडे वळविले. कोकणीतले पहिले नियतकालिक 'उदेंतेचें साळक' १८८९ साली पुण्यात निघाले आणि कोकणीतला पहिला तियात्र १८९२ साली मुंबईत रंगभूमीवर आला. ह्या दोन्ही गोष्टी गोव्यात का घडल्या नाहीत, असा तो प्रश्न होता. पोर्तुगीज सत्तेने केलेले भाषादमन हे त्याचे रूढ उत्तर आहे. १६८४ च्या कोकणीविरोधी फर्मानापासून ते उत्तर सुरू होते. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. भाषेवरील बंधनाने लेखक का गप्प राहिला हे समजते, वाचक आणि प्रेक्षक गोव्याबाहेर का जमला हे त्याने समजत नाही. त्या दुसऱ्या गोष्टीचा एक मोठा धागा मीठ, माड, रेल्वे आणि जकात ह्यांच्या इतिहासात आहे, असे येथे मांडावयाचे आहे.

१. करार

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे इंग्लंड आणि पोर्तुगाल ह्यांच्यात हिंदुस्थानातील व्यापारासंबंधी करार झाला. पोर्तुगालच्या बाजूने परराष्ट्रमंत्री जुआंव द आंद्राद कोर्व्हु आणि इंग्लंडच्या बाजूने लिस्बनमधील वकील रॉबर्ट मोरिअर हे त्याचे मुख्य शिल्पकार होत. जानेवारी १८८० मध्ये त्याचा अंमल सुरू झाला. मुदत बारा वर्षांची होती.

त्याची प्रमुख कलमे थोडक्यात अशी सांगता येतील. दोन्ही प्रदेशांमधील खुष्कीच्या सरहद्दीवरील जकात रद्द व्हावी. समुद्रमार्गे येणाऱ्या मालावर दोन्हीकडे एकच दर असावा. पोर्तुगीज प्रदेशातील मीठ-उत्पादनाचे नियंत्रण आणि विक्रीचा मक्ता ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारकडे जावा. मद्यावरील अबकारीची पद्धत ब्रिटिश पद्धतीशी जुळवून घ्यावी. ह्या सर्वांच्या मोबदल्यात पोर्तुगीज हिंदुस्थानास दरसाल ४ लाख रुपये मिळावेत. आणि मुरगाव बंदरापासून सरहद्दीपर्यंत रेल्वे बांधली जावी व ती पलीकडच्या ब्रिटिश लोहमार्गाला मिळावी. पुढे नाण्यांच्या बाबतीतही तडजोड झाली. दों लुईश ह्या पोर्तुगीज राजाची मुद्रा असलेला 'रुपिया' १८८१ पासून ब्रिटिश रुपयाच्या तोलाचा पाडण्यात आला, आणि तो पाडला गेला कलकत्त्याच्या टाकसाळीत.

ह्या कराराची भाषाही तौलनिक अभ्यासकाने पाहण्यासारखी आहे. मराठीतला 'जकात' हा शब्द अरबीतून आला; पोर्तुगीज भाषेत जकातघराला 'आल्फांदेगा' म्हणतात, तोही मूळचा अरबीच, उतारूंच्या सराईचा वाचक. 'अबकारी' हा फारसी शब्द मोगल आणि मराठी राजवटींच्या दफ्तरातून इंग्रजांकडे गेला आणि इंग्रजांकडून कराराच्या मार्गाने पोर्तुगीज कारभाराच्या भाषेत शिरला. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचा रयत ज्या शब्दांना भीत होता ते शब्द बहुधा एकाच घराण्यातले होते. दोन्हीकडचे दर मात्र १८८० पर्यंत निरनिराळे होते, आणि त्या फरकावर एका सबंध किनाऱ्याची उपजीविका उभी होती.

२. मीठ आणि माड

संघात सामील होण्याची किंमत प्रथम मिठाने दिली. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी ह्या जुन्या महालांत खाडीच्या काठची खाजन जमीन हे गोव्याच्या शेतीचे वैशिष्ट्य आहे. बांध घालून खारे पाणी अडवायचे, पावसाळ्यात तेथे भात काढायचे आणि काही ठिकाणी उन्हाळ्यात त्याच परिसरात मीठ पिकवायचे, अशी ती व्यवस्था. हे मीठ स्वस्त होते. बैलांचे तांडे घेऊन फिरणारे लमाण घाटावरून धान्य आणीत आणि परतताना मीठ नेत. गोव्यात भाताची नेहमीच तूट असे. त्यामुळे ही अदलाबदल हा केवळ व्यापार नव्हता; गोव्याच्या पोटाचा तो एक आधार होता.

ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता. १८८२ साली तो मणाला २ रुपये आणि १८८८ पासून २ रुपये ८ आणे असा होता. शेजारी करमुक्त स्वस्त मीठ पिकत असेल तर असा कर वसूल होणे कठीण. इंग्रजांना हा करार मुख्यतः कशासाठी हवा होता ह्याचे उत्तर येथे मिळते. मीठ त्यांच्या ताब्यात गेल्यावर अनेक मिठागरे बंद करण्यात आली. मालकांना भरपाई मिळाली. मिठागरावर राबणाऱ्या मिठगावड्याला आणि मीठ वाहून नेणाऱ्याला भरपाई मिळण्याचे काही कारण कराराला दिसले नाही. मासळी खारवून पावसाळ्याची बेगमी करणाऱ्या कोळणीच्या हिशेबात मीठ ही किरकोळ बाब नसते. तिचाही हिशेब बिघडला.

दुसरी किंमत माडाने दिली. सूर काढणे आणि त्यापासून फेणी गाळणे हा रेंदेर समाजाचा पिढीजात धंदा होता. अबकारी ब्रिटिश पद्धतीच्या जवळ आणायची म्हणजे सुराच्या माडावर आणि भट्टीवर कर चढवायचा. ज्या घरात चार-सहा माडांवर संसार चालतो त्या घराला असा कर दरात दिसत नाही. कोणत्या मुलाने घर सोडायचे ह्या निर्णयात तो दिसतो. मुंबईकडे होणारे गोमंतकीयांचे स्थलांतर ह्या कराराच्या आधीपासूनचे आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. गावोगावच्या लोकांनी मुंबईत उभारलेली 'कूड' ही वसतिगृहवजा संस्था एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दिसते. परंतु आधी जी वाट होती तिचा ह्या काळात राजमार्ग झाला. खुष्कीची जकात उठली, नाणे एक झाले आणि पुढे रेल्वेही आली. मालाला जे मोकळे झाले ते माणसालाही झाले. नारळ, सुपारी, आंबे सरहद्द ओलांडून जाऊ लागले. त्यांच्याबरोबर स्वयंपाकी, वाजंत्री आणि जहाजांवर काम करणारे तारवटीही.

३. दर दुसऱ्याचा, पृष्ठप्रदेश दुसऱ्याचा

लहान भागीदाराच्या दृष्टीने जकात-संघाची खरी मेख दर कोण ठरवितो ह्यात असते. ह्या संघातील दर कलकत्ता आणि सिमला येथे ठरत. कराराचा अंमल सुरू होऊन दोन-अडीच वर्षे होतात न होतात तोच, मार्च १८८२ मध्ये, लॉर्ड रिपनच्या सरकारने मीठ, मद्य, अफू, शस्त्रे असे काही अपवाद सोडून ब्रिटिश हिंदुस्थानातील आयात जकात जवळजवळ सर्वच्या सर्व उठविली. ह्या निर्णयामागे मँचेस्टरच्या गिरण्यांचे हित आणि खुल्या व्यापाराचे तत्त्व होते. पणजीच्या तिजोरीचा विचार त्यात असण्याचे कारण नव्हते. परंतु समान दराच्या तत्त्वामुळे पणजीलाही तोच दर पाळणे भाग होते. ज्या जकातीच्या उत्पन्नात वाटा मिळावयाचा ती जकातच राहिली नाही. संघात गोव्याच्या हाती खात्रीची अशी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे दरसालचे ४ लाख रुपये.

त्या रुपयाचीही एक गोष्ट आहे. चांदीचा भाव घसरत असल्याने १८८० च्या सुमारास सुमारे १ शिलिंग ८ पेन्सला असलेला रुपया १८९२ पर्यंत १ शिलिंग ३ पेन्सवर आला. म्हणजे करार सुरू होताना ज्या ४ लाखांचे साधारण ३३,३०० पौंड होत होते, त्यांचे करार संपताना २५,००० पौंड होऊ लागले. घरच्या खर्चाला ह्याने फरक पडला नसता. परंतु रेल्वेचा खर्च पौंडांत होता.

मुरगावची रेल्वे बांधण्यासाठी १८८१ साली लंडनमध्ये वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वे कंपनी स्थापन झाली. कंपनीच्या नावातला 'गॅरंटीड' हा शब्द महत्त्वाचा आहे. भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने दिली होती. गाडी भरून धावो की रिकामी धावो, लंडनच्या भागधारकाला व्याज पोहोचवायचे होते. १८८७-८८ मध्ये मार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला. मुरगाव ते कॅसलरॉक हे अंतर सुमारे ५१ मैलांचे. त्यातील घाटाचा भाग अतिशय अवघड आणि खर्चिक.

ह्या मार्गाला गोव्यात वाहून नेण्याइतका माल नव्हता, आणि तो गोव्यासाठी कल्पिलेलाही नव्हता. धारवाड-हुबळीचा कापूस आणि बल्लारीकडचा माल मुरगावला उतरावा, ही त्यामागची कल्पना होती. बंदर गोव्याचे, पृष्ठप्रदेश मात्र शेजाऱ्याचा. त्या पृष्ठप्रदेशात सदर्न मराठा रेल्वेचे जाळे विणले जात होते. एकीकडे हरिहरच्या बाजूने बेंगळुरूपर्यंत आणि दुसरीकडे बेळगाव-मिरजेवरून पुण्यापर्यंत ते गेले. पुण्याचा मार्ग १८९० च्या सुमारास पूर्ण होताच त्याच मालाला मुंबईचे बंदर मोकळे झाले, आणि मुंबईशी स्पर्धा करणे मुरगावला शक्य नव्हते.

येथे तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. गाडी सरहद्दीपर्यंत पोहोचली १८८८ मध्ये. करार संपला १८९२ च्या जानेवारीत. ज्या मुक्त सरहद्दीच्या भरवशावर घाटात बोगदे खोदले, ती सरहद्द त्या रेल्वेच्या वाट्याला जेमतेम चार वर्षे आली.

४. नूतनीकरण न होणे

बारा वर्षांची मुदत भरत आली तेव्हा दोन्ही सरकारांचे नव्या अटींवर एकमत झाले नाही आणि करार पुन्हा झाला नाही. घटना एवढीच. युद्ध नाही, जाहीरनामा नाही, नाट्यमय फारकत नाही. त्या वेळी दोन्ही देशांचे संबंध मुळातच बिघडलेले होते. आफ्रिकेतील प्रदेशांवरून इंग्लंडने ११ जानेवारी १८९० रोजी पोर्तुगालला निर्वाणीचा खलिता दिला होता. पोर्तुगालची तिजोरी १८९१-९२ मध्ये दिवाळखोरीच्या काठावर होती. गोवा ह्या भांडणाचा विषय नव्हता. परंतु त्याच्या छायेत होता.

संघातून बाहेर कोण पडले, असा प्रश्न कायद्याच्या भाषेत विचारला तर उत्तर 'दोघेही' असे येईल. अनुभवाच्या भाषेत ते तसे नाही. ब्रिटिश हिंदुस्थानाच्या दृष्टीने अनेक कलमांपैकी एक प्रकरण बंद झाले. गोव्याच्या दृष्टीने त्याला वेढून असलेला सबंध मुलूख एका रात्रीत पुन्हा परका झाला. समुद्राची बाजू सोडली तर गोव्याला दुसरा शेजारी नव्हता. आजच्या आयर्लंडशी तुलना करताना हाच फरक लक्षात घ्यावा लागतो. ब्रिटन बाहेर पडल्यावर आयर्लंड उरलेल्या मोठ्या संघात राहिले. ब्रिटनमधून जाणारे मालमोटारींचे मार्ग बदलून २०२१ पासून रॉसलेअरसारख्या बंदरातून थेट फ्रान्सकडे माल नेता आला. गोवा ज्या संघात होता त्याचे दोनच सभासद होते. एक गेल्यावर संघच नाहीसा झाला. १९८९ च्या मार्चमध्ये भारताबरोबरचे व्यापार आणि वाहतूक करार संपल्यावर नेपाळला जो अनुभव आला तो ह्याला अधिक जवळचा आहे. तेथेही प्रश्न नूतनीकरणाचाच होता आणि तेथेही बहुतेक नाकी बंद झाली.

१८९२ नंतर काय परत आले आणि काय आले नाही, ह्याचा ताळा मांडला तर ह्या प्रकरणाचे मर्म हाती लागते. पोर्तुगीज सरकारला स्वतःची जकात लावण्याचा अधिकार परत मिळाला आणि सरहद्दीवर चौक्या पुन्हा बसल्या. मिठाचे नियंत्रण परत मिळाले. परंतु मिठाचा बाजार परत मिळाला नाही. बारा वर्षांत घाटावरच्या गिऱ्हाईकाला कर भरलेल्या ब्रिटिश मिठाची सवय झाली होती आणि ते मीठ आता आगगाडीने येत होते. लमाणांच्या बैलांचे दिवस रेल्वेने सर्वत्रच संपवीत आणले होते. करमुक्त गोमंतकी मिठाला सरहद्दीवर २ रुपये ८ आण्यांची भिंत होती. १८९४ साली ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वसाधारण ५ टक्के आयात जकात पुन्हा आली, तेव्हा गोव्याचा इतर मालही संघाबाहेरचा, म्हणून जकातपात्र ठरला. ४ लाख रुपये थांबले. रेल्वेवरील हमी मात्र थांबली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या रेल्वेचे चालन सदर्न मराठा रेल्वेकडे गेले, म्हणजे जो पृष्ठप्रदेश आपला नव्हता त्याच्याच कंपनीकडे.

आणि माणसे परत आली नाहीत. उलट जे मुंबईला होते त्यांनी घरी धाडलेल्या पैशावर गोव्याचा तांदूळ येऊ लागला. व्यापारातील तूट मनीऑर्डरीने भरून काढणारी अर्थव्यवस्था ही गोव्याची पुढील साठ वर्षांची ओळख ह्या काळात पक्की झाली. जोडताना जे तुटले होते ते तुटताना पुन्हा जोडले गेले नाही.

५. साहित्यातील साक्ष

ही सर्व उलथापालथ साहित्यात शोधू गेल्यास आरंभी निराशा पदरी येते. कराराची कथा सांगणारी कादंबरी नाही. जकात हा विषय काव्याला कधीच मानवत नाही. परंतु एकाच भाषेच्या वाङ्मयात शोध न घेता चार भाषांतील साक्षी एकत्र ठेवल्या तर चित्र बदलते. गोव्याचे साहित्य पोर्तुगीज, कोकणी, मराठी आणि इंग्रजी अशा भाषांत विभागलेले आहे आणि प्रत्येक भाषेचे वाङ्मयेतिहासकार आपापल्या वाट्याचा गोवा पाहतात, हे ह्या विषयाच्या अनुल्लेखाचे एक कारण असावे.

पोर्तुगीज साक्ष प्रथम पाहू. 'जीप' ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रांसिश्कु जुआंव द कॉश्त ह्यांची 'जाकॉब इ दुल्स' ही व्यंगकृती मडगावच्या 'उ उल्त्रामार' ह्या पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊन १८९६ मध्ये पुस्तकरूपाने आली. सासष्टीतील ख्रिस्ती उच्चवर्गाची लग्ने, हुंडे, पोर्तुगीज रीतीभातींचे उसने अनुकरण हा तिचा विषय. करार संपल्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली ही कृती आहे. तिच्यातील माणसे जमिनीच्या उत्पन्नावर जगतात, बोलतात पुष्कळ आणि करीत काही नाहीत. ती वाचताना जे तिच्यात नाही त्याकडेही लक्ष द्यावे. ज्यांनी गाव सोडला ते ह्या दिवाणखान्यात नाहीत. मागे राहण्याची ऐपत असलेल्यांचे हे साहित्य आहे, आणि त्यांची निष्क्रियता हा ज्या विनोदाचा विषय आहे, त्या विनोदाला तत्कालीन अर्थव्यवहाराची एक काळी किनार आहे.

कोकणी साक्ष सरहद्दीच्या पलीकडे आहे. एदुआर्द जुझे ब्रुनु द सौझा ह्यांनी 'उदेंतेचें साळक' १८८९ मध्ये पुण्यात काढले, म्हणजे संघ अस्तित्वात असताना. १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, लुकाझिन रिबेरो ह्यांचा 'इटालियन भुरगो' हा तियात्र मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात झाला, म्हणजे संघ संपून तीन महिने लोटल्यावर. ह्या दोन तारखांमधून कार्यकारणाचा सोपा धागा ओढू नये. करार संपला म्हणून तियात्र जन्मला, असे म्हणणे हास्यास्पद होईल. मुद्दा वेगळा आहे. नाटकाला प्रेक्षक एका जागी, हाती थोडा पैसा आणि एक मोकळा दिवस असलेला असा लागतो. असा कोकणी प्रेक्षक १८९२ मध्ये धोबीतलाव आणि कावेल ह्या भागांत होता. कूडमध्ये एकाच गावची माणसे एका छपराखाली राहत. तेथे गाव होता, पण गावातला भाटकार नव्हता. तियात्राच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा आहे त्या जुआंव आगुश्तिन्यु फेर्नांदिश ह्यांचा 'बाटकार' हा तियात्र विसाव्या शतकाच्या आरंभी आला. जमीनदार आणि त्याच्या जमिनीवर राहणारे कूळ ह्यांचा संबंध रंगभूमीवर उघड मांडायला मुंबईची रंगभूमी लागली. 'जाकॉब इ दुल्स'च्या दिवाणखान्यात जे नव्हते ते येथे भेटतात. दोन भाषांतील ह्या दोन कृती एकाच समाजाचे दोन अर्धे आहेत आणि त्यांच्या मधून सरहद्द जाते.

मराठी साक्ष धर्मानंद कोसंबी ह्यांच्या 'निवेदन' ह्या आत्मकथनात आहे. कोसंबींचा जन्म १८७६ चा, सांकवाळ गावचा. मुरगाव बंदरापासून हा गाव दूर नाही. रेल्वेही त्याच परिसरातून जाते. गाडी सुरू झाली तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते आणि संघ संपला तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे. घर नारळाच्या बागायतीवर चालणारे. 'बालबोध मेवा' ह्या मुंबईच्या मराठी मासिकात बुद्धाविषयीचा लेख वाचून त्यांना आयुष्याची दिशा सापडली, आणि १८९९ मध्ये त्यांनी गोवा सोडून पुण्याची वाट धरली. ह्या वाटेचा शेवट सिंहलद्वीप, ब्रह्मदेश आणि हार्वर्ड येथे झाला हे सर्वश्रुत आहे. 'निवेदन' आपण ज्ञानाच्या ओढीची कथा म्हणून वाचतो आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच कथेचा भूगोलही आहे. माडांच्या बागेतील उत्पन्न, कुटुंबाची ओढाताण, आणि सरहद्दीपलीकडून येणारे छापील मासिक. नारळाला अडविणारी सरहद्द मराठी अक्षराला अडवू शकत नव्हती. मराठी वाचणाऱ्या गोमंतकीय तरुणाच्या दृष्टीने ज्ञानाचा पृष्ठप्रदेशही पलीकडेच होता. मालाच्या बाबतीत जो परावलंबीपणा जाचक ठरला तोच येथे एका मनुष्याच्या मुक्तीचा मार्ग झाला.

ह्या साक्षींवरून एक पद्धतिशास्त्रीय निष्कर्ष काढता येतो. आर्थिक विच्छेद साहित्यात विषय म्हणून क्वचित येतो. तो साहित्याच्या ठिकाणात येतो. कृती कोठे छापली गेली, कोठे खेळली गेली, कोणासाठी लिहिली गेली, ह्यांत त्याची नोंद असते. आशयसूत्रांची तुलना करणारा अभ्यासक ती नोंद चुकवितो.

६. दुसरे दार

गोव्याने अशी गोष्ट पुन्हा एकदा अनुभवली. स्वतंत्र भारताने १९५४-५५ मध्ये गोव्याशी होणारा व्यवहार आवळला. मुंबईहून येणाऱ्या पैशावर बंधने आली आणि १९५५ मध्ये घाटातली गाडी थांबली. ह्या वेळी हेतू राजकीय होता आणि त्याला गोमंतकातील मुक्तिसंग्रामाचे नैतिक अधिष्ठान होते. त्यामुळे दोन घटनांना एकाच मापाने मोजू नये. परंतु परिणामांची तुलना उद्बोधक आहे. १८९२ मध्ये गोव्याजवळ शेजाऱ्याशिवाय विकण्यासारखे आणि दूरवर नेण्यासारखे फारसे काही नव्हते. १९५५ मध्ये लोहखनिज होते आणि जपानसारखे गिऱ्हाईक होते. नाकेबंदीने गोव्याची अर्थव्यवस्था कोसळली नाही. समुद्रमार्गे परदेशी जिन्नस आले, बाजारपेठा भरल्या. परंतु त्या भरभराटीची किंमत डोंगरांनी दिली. तिचा हिशेब साहित्यात यायला १९७७ उजाडले. पुंडलीक नायक ह्यांच्या 'अच्छेव' ह्या कोकणी कादंबरीत खाणीने गिळलेला गाव आहे. ह्या वेळची साक्ष गोव्यातच आणि देवनागरीत लिहिली गेली, हा फरकही नोंदविण्याजोगा आहे.

७. समारोप

लहान अर्थव्यवस्था मोठ्या शेजाऱ्याच्या संघात शिरते तेव्हा ती आपली जुनी व्यवस्था मोडून त्या संघाच्या मापाने नवी घडविते. मिठागरे मोडणे आणि रेल्वे बांधणे ही ह्या घडणीची दोन रूपे. शेजारी निघून जातो तेव्हा तो आपला दर आणि आपला बाजार घेऊन जातो. मोडलेली मिठागरे आणि बांधलेली रेल्वे मागे राहते. म्हणून संघाचा शेवट म्हणजे संघापूर्वीची स्थिती नव्हे. १८९२ चा गोवा १८७९ चा गोवा नव्हता.

गोमंतक आणि महाराष्ट्र ह्यांचे सांस्कृतिक ऐक्य हे मराठी वाङ्मयेतिहासाचे एक आवडते गृहीतक आहे. त्यात तथ्य आहे. कोसंबींच्या हातातले मासिक हा त्याचा पुरावाच होय. परंतु त्या ऐक्यावर भर देताना मधली जकातीची चौकी आपण पुसून टाकली, आणि तिच्याबरोबर त्या चौकीने घडविलेली माणसेही पुसली गेली. मुंबईच्या कुडीत कोकणी नाटक पाहणारा तारवटी मराठी साहित्याच्या इतिहासात येत नाही, कारण तो आपल्या भाषेत बोलत नाही. कोकणीच्या इतिहासात तो येतो, पण बहुधा भाषादमनाचा बळी म्हणून. तो मिठाच्या आणि माडाच्या करातून निघून तेथे आला होता, हे दोन्ही इतिहासांना सांगावे लागेल.

बेंगळुरूच्या वर्गात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एवढेच म्हणता येते. कोकणीचे पहिले नियतकालिक आणि पहिला तियात्र गोव्याबाहेर जन्मला, कारण तोपर्यंत गोव्याचा एक मोठा भाग गोव्याबाहेर गेला होता. कुळे आणि कॅसलरॉक ह्यांमधील ती सरहद्द आज उरलेली नाही. परंतु तिने पाडलेले वाङ्मयाचे दोन भाग अजून निरनिराळ्या विभागांत, निरनिराळ्या अभ्यासक्रमांत शिकविले जातात. ते एकत्र वाचणे हे तौलनिक साहित्याचे काम आहे.